रोज पडणाऱ्या भिंतीतली वीट

मित्रांनो, विटा तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील, पण माझ्यासारखी जुनी वीट पाहिली नसेल. मला शोधायला कोणत्या घराकडे, शाळेकडे किंवा पुलाकडे जाऊ नका. मी तिथे नाही. आजवर मी असंख्य भिंतींत बसले आणि त्यांतली एकही भिंत टिकली नाही. हे ऐकून लगेच चुकचुकू नका. मला कीव केलेली मुळीच खपत नाही. माझ्या वाट्याला जे काम आलं ते किती विटांच्या वाट्याला येतं, हे आधी ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म नदीकाठच्या मातीतला. ती माती भिजवली, पायांनी तुडवली, लाकडी साच्यात दाबली आणि मला आकार मिळाला. साच्यातून काढताना एका बाईचा अंगठा माझ्या कडेवर जरा जोरात दाबला गेला. तो ठसा तसाच राहिला. मग मी उन्हात वाळले आणि भट्टीत गेले. भट्टीतल्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही. आत गेलो तेव्हा आम्ही बोट लावलं तरी खचत होतो, बाहेर आलो तेव्हा एकमेकींवर आपटलं तर खणखणीत वाजत होतो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

ट्रकमध्ये चढलो तेव्हा माझ्या सोबतिणींच्या गप्पांना ऊत आला होता. एकीला दवाखान्याच्या भिंतीत बसायचं होतं. एकीला उंच मनोऱ्याच्या अगदी टोकावर जायचं होतं. मी मात्र म्हणत होते की मला खिडकीखालची जागा मिळाली तरी चालेल, निदान येणारी-जाणारी माणसं तरी दिसतील.

आमचा ट्रक थांबला तो पत्र्याचं छप्पर घातलेल्या एका आवारात. तिथे पाया खणलेला नव्हता. होता तो नुसता सपाट ओटा, पाण्याची टाकी, चुन्याचा हौद, आणि कमरेवर हात ठेवून उभा असलेला एक ठेंगणा माणूस. त्या आवारात बांधकाम शिकवत आणि तो माणूस तिथला शिकवणारा होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्याने आमच्यातली एकेक उचलून वाजवून पाहिली. मला उचललं तेव्हा त्याने माझ्या कडेवरच्या ठशात आपला अंगठा बसवून पाहिला आणि म्हणाला, "ही अंगठेवाली दिसतेय." तेव्हापासून ते माझं नावच पडलं.

पहिल्या दिवशी एका शिकाऊ पोराने मला भिंतीत बसवलं. भिंत वाकडी होती, पण माझ्या आनंदाला पारावार नव्हता. संध्याकाळ झाली. वस्ताद आला, भिंतीकडे पाहिलं, आणि चहा मागावा इतक्या सहज म्हणाला, "आता पाडा."

आमचं काय चुकलं ते कळेना. पण थोड्याच दिवसांत सगळा उलगडा झाला. तिथे विटा जोडायला सिमेंट वापरतच नव्हते. चुना आणि वाळू कालवून मऊ माल करायचे. तो घट्ट धरत नाही. दिवसभर भिंत बांधायची, वस्तादाला दाखवायची, चुका ऐकायच्या आणि संध्याकाळी ती आपल्याच हाताने उतरवायची. मग प्रत्येक वीट थापीने, म्हणजे माल लावायच्या लोखंडी पात्याने, खरवडून साफ करायची आणि रचून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्याच विटा, तीच जागा, नवी भिंत. वाकडी असेल तरी पाडायची आणि सरळ असेल तरी पाडायची. वस्तादाचा हा नियम कधी चुकला नाही.

सुरुवातीला मला फार अपमान वाटायचा. पुढे पुढे मात्र मला या कामाची गोडी लागली. घरात बसलेली वीट एकदाच हात ओळखते. मी रोज नवा हात ओळखत होते. घाबरलेला हात मला घट्ट आवळून धरायचा. फुशारकी मारणारा हात मला आपटायचा. आणि एक दिवस असा यायचा की त्याच हातात मी अलगद यायचे, मालावर टेकायचे, थापीच्या दांड्याची एक टिचकी बसायची, आणि मी जागच्या जागी! तो दिवस त्या माणसाला कळायच्या आधी मला कळायचा. आमच्या आवारातून शिकून गेलेली माणसं आज मोठमोठ्या इमारती उभ्या करतात. त्यांच्या कौतुकात माझं नाव कोणी घेत नाही हे खरं, पण त्यांचे हात माझ्यावर बसले आहेत, आणि हे मी कोणालाही मान ताठ ठेवून सांगेन.

मधे काही काळ वाईटही गेला. वस्ताद आजारी पडला आणि आवाराला कुलूप लागलं. आमच्या ढिगावर शेवाळ चढलं. शेजारचा एक जण आमच्यातल्या चार जणी पलंगाच्या पायांखाली घालायला घेऊन गेला. माझी रवानगी फाटकाजवळ झाली. वाऱ्याने फाटक आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवलं. येणारा प्रत्येक जण मला पायाने सरकवायचा. इतके हात ओळखणाऱ्या मला आता बूट ओळखावे लागत होते. तेव्हा मात्र मला खरोखर रडू येत होतं.

वस्ताद बरा होऊन परत आला तेव्हा त्याने आधी फाटक उघडलं आणि मग वाकून मला उचललं. "अंगठेवाली, तू इथं काय करतेस?" एवढंच म्हणाला आणि मला पाण्याने धुऊन ढिगावर ठेवलं. त्याच आठवड्यात नवी तुकडी आली आणि त्या तुकडीत काकू होती.

तिला काकू म्हणायला लागला तो लंबू. त्या तुकडीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बडबड्या पोरगा तो. बाकीचे शिकाऊ शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले, आणि ही एका शाळकरी मुलीची आई. पहिल्या दिवशी तिने लंबूला सुनावलं, "माझं वय काय, तुझं वय काय, काकू कसली म्हणतोस?" पण हाक चिकटली ती चिकटलीच.

काकूने आजवर बांधकामांवर बिगारी म्हणून काम केलं होतं. डोक्यावर घमेलं घेऊन माल आणि विटा वाहायच्या. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली ती वाहायची तो तिचा धाकटा दीर. नवरा ट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. मुलीला सासू सांभाळायची. विटा खरवडताना काकू लंबूशी बोलायची, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

आणि ती इथे का आली तेही मला तेव्हाच कळलं. एकदा कामावर तिने दिराला सांगितलं होतं, "भाऊजी, भिंत पोटात आलीय बघा." म्हणजे मधोमध फुगलीय. आणि ती फुगली होतीच. पण चार माणसांसमोर दिराला ते झोंबलं. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तुमचं घमेलं बघा."

"मग?" लंबूने विचारलं.

"मग काय? बघितलं घमेलं. दिवसभर तेच बघितलं," काकू म्हणाली. "संध्याकाळी घरी जाताना या फाटकावरची पाटी दिसली. शिकाऊ पाहिजेत म्हणून. रोज त्याच रस्त्यानं जात होते, पण वाचली त्या दिवशी."

मित्रांनो, मी पुष्कळ हात पाहिले, पण काकूच्या हातासारखा हात पाहिला नाही. तिला विटेचं वजन आधीच ठाऊक होतं. राहिलं होतं ते फक्त वीट ठेवणं. तिने दोरीला वजन बांधलेला ओळंबा धरायला शिकून घेतलं, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणायला शिकून घेतलं. दोन विटांच्या थरांमध्ये मालाचा जो सांधा राहतो, तो तर तिला असा जमला की वस्तादही बघत राहायचा. खरं म्हणजे प्रत्येक थर झाला की खुणा केलेली लाकडी पट्टी उभी लावून उंची तपासायची असते. लंबू बिचारा प्रत्येक थराला पट्टी लावायचा, कारण त्याचा सांधा कधी जाड तर कधी बारीक व्हायचा. काकूचा थर मात्र पट्टी न लावता बरोबर खुणेवर यायचा. एकदा वस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिच्या हातालाच पट्टी आहे." त्या दिवशी काकूने आम्हाला खरवडताना गाणं गुणगुणलं.

शेवटची परीक्षा जवळ आली. काकू पास झाली तर हातात थापी येणार होती, मिस्त्री म्हणून काम मिळणार होतं. नाही झाली तर पुन्हा घमेलं, आणि तेही त्याच दिराच्या हाताखाली. दुसऱ्यांदा परीक्षेला बसायची सोय होती, पण काकूने सरळ सांगून टाकलं होतं, "मला एकदाच जमेल. घरच्यांनी एवढे दिवस ओढून धरलंय, आता आणखी नाही ओढता येणार." सासूचे गुडघे दुखायला लागले होते आणि सगळं घर ती एकटी रेटत होती.

परीक्षेची एक पद्धत होती. प्रत्येकाने आपला बिगारी आपण आणायचा. बिगाऱ्याने माल कालवायचा, विटा द्यायच्या, जमिनीवर पडलेली वीट उचलायची. भिंतीला हात लावायचा नाही, अवजाराला हात लावायचा नाही, आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. बिगारी बोलला तर परीक्षा तिथेच संपली. लंबूने आपला मित्र आणला होता. बाकीच्यांचे भाऊ, शेजारी कोण कोण आले होते. काकूकडून कोणीच नव्हतं. तिच्या कामावरच्या बायकांना दिवस मोडणं परवडणारं नव्हतं.

इतक्यात फाटकातून एक माणूस आत आला. अंगात धुतलेला शर्ट, काखेत घमेलं. काकूने मान वर केली आणि बघतच राहिली.

"भाऊजी? तुम्ही कसे इथं?"

"आईनं सांगितलं, तुम्हाला बिगारी मिळाला नाही म्हणून," तो खाली बघत म्हणाला. "माल किती पातळ लागतो ते आत्ताच सांगून ठेवा. नंतर मला विचारता यायचं नाही."

काकूने त्याच्या काखेतल्या घमेल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जरा घट्टच ठेवा." आणि तो शर्टाच्या बाह्या दुमडून चुन्याच्या हौदाकडे गेला. त्याला आवारातले दोघे-तिघे ओळखत होते. मिस्त्री माणूस घमेलं घेऊन निघालेला बघून त्यांच्यात खसखस पिकली. त्याने कानाडोळा केला.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. आजवर परीक्षाही आमच्यावरच व्हायची. पण त्या वर्षी नव्या परीक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहून नाक मुरडलं आणि कोऱ्या विटा मागवल्या. आम्ही बाजूला झाडाखाली रचलेल्या. समोर त्या लालभडक नव्या विटा, कडा अशा धारदार की बघवत नव्हतं. वस्ताद सगळ्यांना म्हणाला, "वीट नवी आहे. पट्टी लावत जा." पण पट्टी लावा हे तो रोजच म्हणायचा. काकूने ते रोजच्यासारखंच ऐकलं.

काम सोपं नव्हतं. काटकोनात वळणारी भिंत बांधायची होती. शेजारच्या खांबावर लाल खूण होती. ठरलेल्या थरांत भिंतीचा माथा बरोबर त्या खुणेला लागला पाहिजे. काकूने कोपरा धरला आणि भराभर थर चढायला लागले. दीर वीट पुढे करायचा, ती घ्यायची, ठेवायची. कित्येक वर्षं वीट तिच्या हातून त्याच्या हातात गेली होती, आज ती त्याच्या हातून तिच्या हातात जात होती. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. मी झाडाखालून बघत होते आणि अभिमानाने फुलून गेले होते. सगळ्यांत पुढे काकूचीच भिंत होती.

मग मी दिराच्या तोंडाकडे पाहिलं. तो माणूस एरवी गप्प बसणारा नाही हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. पण आता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि ओठ असे आवळलेले, की कोणीतरी टाके घातले असावेत. त्याने एकदा खाकरून घसा साफ केला. परीक्षक बाईंनी लगेच चष्म्यावरून पाहिलं. त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. त्याला काहीतरी दिसलं होतं आणि बोलायची सोय नव्हती.

एवढ्यात काकूच्या दोरीचा खिळा निसटला. थर सरळ यावा म्हणून भिंतीच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधतात. खिळा मऊ मालात रोवलेला, तो सुटला आणि दोरी लोंबायला लागली. अशा वेळी मिस्त्री लोक एका सुट्या विटेला दोरी गुंडाळतात आणि ती वीट भिंतीच्या टोकावर ठेवून देतात. वजनाने दोरी ताठ राहते. दिराने नवी वीट पुढे केली. काकूने मान हलवली.

"नवी खराब नको करायला. झाडाखालची अंगठेवाली द्या. कडेला ठसा आहे बघा."

दिराने मला शोधून काढलं. त्याच्या हातात येताच मला कळलं की हा हात पक्का मिस्त्रीचा आहे. त्याने मला जरा तोललं, माझ्या जाडीवरून बोट फिरवलं, आणि चटकन भिंतीकडे पाहिलं. पण मी शपथेवर सांगते मित्रांनो, त्याने मला तिच्या हातात दिलं आणि मुकाट्याने मागे सरला. एक बोटसुद्धा हलवलं नाही.

काकूने मला दोरी गुंडाळली आणि टोकावर, पुढच्या थरासाठी कोरड्याच मांडलेल्या नव्या विटेशेजारी ठेवलं. दोरी ताठ झाली. ती पुढची वीट घ्यायला वळणार तोच तिची नजर माझ्यावर थांबली.

आम्ही दोघी एकाच थरावर शेजारी शेजारी बसलो होतो आणि माझं डोकं तिच्यापेक्षा खाली होतं. फार नाही, नखाच्या जाडीइतकंच. इतकी वर्षं रोज संध्याकाळी थापीने मला खरवडलं होतं. त्यात मी झिजले होते. माझ्या सगळ्या सोबतिणी झिजल्या होत्या. काकूच्या हाताने सांधा शिकला तो आमच्यासारख्या झिजलेल्या विटांवर. आम्ही जितक्या कमी झालो होतो तितका तिचा हात माल जास्त घालत होता, म्हणून थर खुणेवर येत होता. नवी वीट पूर्ण होती, आणि हात मात्र जुन्याच सवयीने माल घालत होता.

काकूने पट्टी घेतली आणि उभी लावली. प्रत्येक थर थोडा थोडा वर सरकला होता, आणि एवढ्या थरांत मिळून चांगला बोटभर फरक पडला होता. लंबूची भिंत, तिच्याहून कितीतरी मागे असलेली, बरोबर खुणेवर होती, कारण त्याला आपल्या हाताचा भरवसा नव्हता आणि तो प्रत्येक थराला पट्टी लावत होता.

लंबूने तिचा चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाला, "काकू, पुढच्या थरांत सांधे दाबून घ्या. खूण गाठाल."

"तोंड बंद," परीक्षक बाई म्हणाल्या.

लंबू म्हणत होता ते होण्यासारखं होतं. वरच्या थरांत माल कमी कमी घातला असता तर माथा कसाबसा खुणेला लागला असता. कामावर असं सर्रास चालतं. भिंतीवर गिलावा चढला की आतलं कोणाला दिसतं? वेळही फार उरलेला नव्हता. काकूच्या कपाळावर घाम आला होता. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

मग तिने मला उचलून बाजूला ठेवलं, थापी घेतली आणि भिंत पाडायला लागली.

मित्रांनो, हे सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. दुसरा एखादा असता तर त्याने रागाने लाथ घातली असती, विटा फोडल्या असत्या. काकूने वरून एकेक वीट अशी काढली की एकीचाही कोपरा उडाला नाही. ही कला तिला कोणत्याही कामावर मिळाली नसती. ती आमच्या आवाराचीच. रोज संध्याकाळी पाडलेल्या त्या सगळ्या भिंती तिच्या हातात होत्या. ती वीट खाली ठेवायची, दीर उचलायचा, पुसायचा, रचायचा. जमिनीवरची वीट बिगाऱ्याची, हा नियमच होता. त्याचे हात असे चालत होते की विचारू नका. पहिल्या थरापर्यंत सगळं उतरलं. मग तिने पट्टी कोपऱ्यात उभी केली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी प्रत्येक थराला पट्टी.

मी दोरी धरून होते. प्रत्येक थराबरोबर काकू मला वर घेत होती आणि मी जिवाच्या आकांताने दोरी ताठ ठेवत होते. वीट काय करणार असं तुम्ही म्हणाल, पण जड बसणं हेही काम आहे आणि त्या दिवशी मी ते मन लावून केलं. बाकीच्यांच्या भिंती पूर्ण झाल्या. ते हात धुऊन येऊन उभे राहिले. वेळ संपल्याची शिट्टी परीक्षक बाईंच्या ओठांत होती तेव्हा काकूने शेवटची वीट टेकवली, थापीच्या दांड्याने टिचकी मारली आणि दोन पावलं मागे सरकली.

बाईंनी सरळ पट्टी भिंतीच्या माथ्यावर आडवी ठेवली. तिचं टोक खांबावरच्या लाल खुणेला जाऊन लागलं. ओळंबा सोडला, गुण्या लावून काटकोन पाहिला. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "पाडली कशाला? दाबून नेता आली असती."

"आली असती," काकू म्हणाली. "पण मला कळलं होतं ना."

बाईंनी वस्तादाकडे पाहून मान डोलावली, आणि वस्ताद काकूकडे येऊन म्हणाला, "मिस्त्री, हात धुऊन घ्या." तोवर तिला त्या आवारात कोणी मिस्त्री म्हटलं नव्हतं आणि वस्ताद तिला अगं-तुगंच करायचा. काकू टाकीजवळ गेली, नळ सोडला आणि बोटांमधला चुना घासून काढला.

दिराच्या तोंडावरचं बंधन आता सुटलं होतं. "वहिनी, दुसऱ्या थरालाच दिसलं होतं मला. जीभ चावून चावून तोंड सोललं."

"बरं झालं बोलला नाहीत," काकू म्हणाली. "बोलला असता तर ती भिंत तुमची झाली असती."

तो हसला. मग भिंतीला हात लावून म्हणाला, "आई आणि पोरगी उद्या येतील बघायला. त्यांना घेऊन येतो."

"उद्या कुठली? आता पाडायचीय."

"ही? पास झालेली भिंत?"

"विटा उद्याच्या पोरांना लागतील की. चला, हात लावा. आता बोललात आणि हात लावलात तरी चालतंय."

तो नाही नाही म्हणत राहिला आणि काकू वरच्या थरापासून उतरवायला लागलीसुद्धा. शेवटी तोही वाकला. दोघं समोरासमोर बसून विटा खरवडत होती. सगळं आवार रिकामं झालं होतं, वस्ताद तेवढा अवजारं मोजत होता. मग दीर थापी हातातच धरून म्हणाला, "वहिनी, मला असं कोणी शिकवलंच नाही. पहिल्या दिवसापासून खरीच भिंत. चुकली तरी पाडायची सोय नव्हती. माझं जे जे चुकलं ते सगळं गिलाव्याखाली आहे. माणसं राहतायत त्यात."

काकूने त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही त्या दिवशी बरोबर बोलला होता," तो म्हणाला. "पोटात आली होती ती."

"मला ठाऊक आहे, भाऊजी," काकू म्हणाली. तिने त्याच्या हातातली वीट घेतली, एका बाजूला राहिलेला माल काढला आणि परत त्याच्या हातात दिली. "ही बाजू राहिली होती."

आज काकू एका मोठ्या कामावर मिस्त्री आहे. तिच्या भिंती उभ्या आहेत, त्यात माणसं झोपतात, पोरं अभ्यास करतात. नव्या विटाही आता आमच्यात मिसळल्या आहेत. झिजलेल्या विटा भरावात टाकून द्यायचं वस्तादाच्या मनात आलं होतं, पण काकूच आडवी आली. म्हणाली, "कामावर सगळ्या विटा सारख्या कुठं असतात? शिकू दे त्यांना दोन्हींवर." त्यामुळे आता येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ माणसाच्या एका हातात वस्ताद मला देतो आणि दुसऱ्या हातात नवी वीट देतो. विचारतो, "फरक सांग." जो सांगतो त्यालाच थापी मिळते. एवढा मान कोणत्या मनोऱ्याच्या टोकावरच्या विटेला मिळतो, ते मला तुम्हीच सांगा.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. रस्त्याच्या कडेला एखादी जुनी वीट दिसली तर तिला पायाने ढकलू नका. झिजलेली असेल तर ती कोणाच्या तरी हातांनी झिजली आहे. आणि तुमचं काही चुकलं, मग ते गणित असो, चित्र असो नाहीतर भिंत, तर वरून गिलावा मारून ते झाकू नका. जिथे चुकलं तिथपर्यंत उतरवा. उतरवताना एकही वीट फोडू नका, सगळ्या नीट पुसून ठेवा. त्यांचीच पुन्हा भिंत होते.

एवढं बोलून मी थांबते, कारण आता मला काम आहे. सुट्टीच्या दिवशी आमच्या आवारात मोठ्या माणसांची एक तुकडी येते. तिच्यात काकूचा दीर आहे. कितीतरी वर्षं मिस्त्री म्हणून मिरवल्यावर त्याने स्वतःहून येऊन वस्तादाला विचारलं होतं, "मला घ्याल का? पहिल्यापासून." आज त्याची इथली पहिली भिंत पुरी झाली आहे. मी तिच्या तिसऱ्या थरात आहे. भिंत बरी आहे, अगदी चांगली नाही. संध्याकाळ झाली आहे, वस्तादाने रोजच्यासारखं सांगून टाकलं आहे, आणि हा थापी हातात घेऊन भिंतीसमोर नुसता उभा आहे. त्याने आजवर स्वतःचं काम कधी स्वतः पाडलेलं नाही.

पाड रे मिस्त्री. आम्हाला काही होत नाही. उद्या पुन्हा बांधू.